दुसरी फेरी

नाइट ड्युटी संपत आली की आमच्या विभागात वजनं होतात. पहाटे काटा पुसून घ्यायचा, त्यावर स्वच्छ कापड टाकायचं, आकडा शून्यावर आणायचा आणि एकेक बाळ उचलून वर ठेवायचं. बाळ उघडं असतं म्हणून घाई, आणि नीट टेकवायचं असतं म्हणून सावकाशी. पंधराशे साठ. चौदाशे पाच. अकराशे नव्वद. बाळानं हात हलवला की आकडा पळतो, पुन्हा जागेवर यायला वेळ घेतो. तेवढा वेळ मीही हलत नाही. मग वहीत कालच्या आकड्याशेजारी आजचा लिहायचा आणि दोघांतला फरक लाल शाईनं.

काचेच्या दाराबाहेर आया बसलेल्या असतात. कुणाचं सिझर झालेलं, ती भिंतीच्या कडेकडेनं पोट धरत आलेली. दार किलकिलं झालं की सगळ्यांचा प्रश्न एकच, "आज किती भरलं जी?" दहा ग्रॅम वाढले असतील तर मी ते मोठ्यानं सांगते. दहा ग्रॅम म्हणजे दोन चमचे दूध. पण तेवढ्यावर त्या बाईचा अख्खा दिवस निघतो. उतरलं असेल तर आधी समजावते, की पहिल्या आठवड्यात सगळीच बाळं थोडी उतरतात, अंगातलं पाणी जातं, पुढे भरून काढतात. यातलं काहीच खोटं नसतं. तरी समोरच्या बाईनं 'उतरतात' याच्यापुढचं काहीही ऐकलेलं नसतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

एसएनसीयू म्हणतात आमच्या विभागाला. अठराशे ग्रॅमच्या आतली, चौतीस आठवड्यांच्या आधी आलेली, जन्मल्यावर न रडलेली, पिवळी पडलेली बाळं आमच्याकडे येतात. इथली निम्मी शुश्रूषा बाळांची असते आणि निम्मी बाहेरच्या वाट पाहण्याची. ही दुसरी निम्मी कुठल्या चार्टमध्ये भरायची नसते. वॉर्मरचं तापमान दर तासाला लिहितो, दूध किती घेतलं ते लिहितो, लघवी किती वेळा झाली ते लिहितो. बाई दारापाशी किती वेळा आली, याला रकाना नाही.

या वर्षी मात्र दाराच्या दोन्ही बाजूंना मीच आहे. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशयादीकडे डोळे लावून बसले आहे.

चाळिशी दारात आल्यावर हे सुचलं, याचं घरीदारी सगळ्यांनाच नवल. मी जीएनएम केलेली. लगेच नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मग नोकरी सांभाळत पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं. तिथं थांबायला हरकत नव्हती. पण पोस्ट बेसिकच्या दुसऱ्या वर्षाला संशोधनाचा एक लहानसा प्रकल्प करावा लागतो, आणि तो करताना मला पहिल्यांदा कळलं, की आपण रोज हातानं करतो त्या गोष्टींवर जगात कुणीतरी बसून विचार केलेला असतो. बाळाला आईच्या छातीशी उघडं बांधून ठेवायचं, ज्याला कांगारू मदर केअर म्हणतात, ते मी कितीतरी आयांना शिकवलं होतं. ते 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, एका गर्दीच्या रुग्णालयात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून सुरू झालं, हे मात्र ठाऊक नव्हतं. म्हणजे आमच्यासारख्याच अडचणीत सापडलेल्या कुणीतरी ते शोधलेलं. वाचून इतका आनंद झाला की जेवणाच्या सुट्टीत मी ते परिसेविका मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अडचण तर आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे. शोध का नाही लागत?" आणि डबा उघडला.

अर्ज भरायचे म्हणजे आधी कागद. जीएनएमची गुणपत्रकं, पोस्ट बेसिकची गुणपत्रकं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, तिचं नूतनीकरण, अनुभव प्रमाणपत्र, जातीचा दाखला, ना हरकत. ना हरकतीचा कागद ज्या टेबलावर होता तिथल्या मोठ्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, नोकरी तर पक्की आहे. मग कशाले?" त्यांना चिडवायचं नव्हतं, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. पक्की नोकरी ही आमच्याकडे प्रवासाची शेवटची थांबण्याची जागा. त्याच्या पुढचं तिकीट काढणारा माणूस संशयास्पदच. सासूबाईंचा प्रश्न जास्त मुद्द्याचा होता, "पगार चालू राहील ना?" अध्ययन रजेचे नियम मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनीच ते शेजारच्या काकूंना माझ्यापेक्षा सोपे करून सांगितले. मुलीला वेगळीच काळजी, "आई, तुला गृहपाठ दिला तर डबा कोण करेल?" हे म्हणाले, "मी करेन." त्यावर आम्ही तिघीही काही बोललो नाही.

अर्ज करता करता एक देशाचा नकाशाच उलगडत गेला. बंगळुरूच्या निमहान्समध्ये मनोविकारांच्या रुग्णांची शुश्रूषा, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कर्करुग्णांची. चंडीगढचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी. दिल्लीच्या एम्समध्ये तर हृदय, मेंदू, मूत्रपिंड, अतिदक्षता असे वेगवेगळे फाटे. आम्ही जनरल वॉर्डात एका रात्रीत हे सगळं बघतो, तेही एकाच वेळी. तिथं त्यातल्या एकेकाला दोन-दोन वर्षं देतात. एकच गोष्ट दोन वर्षं! ती कल्पनाच मला चैनीची वाटली. जागा मात्र चैनीच्या नाहीत. एकेका विषयाला मूठभर, आणि त्यातही आरक्षणाच्या वाटण्या झाल्या की आपल्या वाट्याला नेमकं काय उरतं ते बोटांवर मोजून होतं.

परीक्षेचा अभ्यास नाइटला करता येईल असं मी ठरवलं होतं. नाइटला अभ्यास होत नाही. पुस्तक उघडं राहतं, इतकंच. फोटोथेरपीच्या निळ्या उजेडात त्याची पानं वाचताही येत नाहीत धड. जे झालं ते बसमध्ये आणि स्वयंपाकघरात झालं. आणि जसजसे प्रश्नसंच सोडवत गेले तसतशी मला त्या प्रश्नांची एक खोड लक्षात आली. त्यातले बरेचसे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. चार रुग्ण दिलेले असतात, किंवा एका रुग्णासाठी चार कृती, आणि विचारतात: नर्स यातलं आधी काय करेल? चारही उत्तरं बरोबर असतात. चुकीचं एकही नसतं. फक्त त्यातलं एक आधीचं असतं.

एक प्रश्न फार आवडला होता. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेली मुलं आहेत. एक मोठमोठ्यानं रडतंय, एकाला ताप आहे, एक पाणी मागतंय, एक शांत पडलंय पण सारखा आवंढा गिळतंय. आधी कुणाकडे जाल? नवखी मुलगी रडणाऱ्याकडे धावते. पण रडतंय म्हणजे त्याची श्वासाची वाट मोकळी आहे. जायला हवं ते गप्प मुलाकडे. आतून रक्त येत असतं म्हणून तो सारखा गिळत असतो. या प्रश्नापुढे मी कितीतरी वेळ बसून राहिले. ज्यानं हा प्रश्न रचला तो कधीतरी खरोखर वॉर्डात उभा राहिला असणार, अशा एका गप्प मुलाशेजारी, हे मला पक्कं वाटलं.

तरी वॉर्डात हा प्रश्न असा येत नाही. वॉर्डात रडणाऱ्याचा बाप दंडाला धरून ओढत असतो. पाणी मागणाऱ्याची आजी पदर पसरते. डॉक्टर राउंडला आलेले असतात, त्यांना केस पेपर हवा असतो. सलाईन संपत आलेलं असतं. पुस्तकात विचारतात, पाचशे मिलीलीटर आठ तासांत द्यायचं, सेट पंधरा थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? पंधरा पॉइंट सहा, म्हणजे सोळा. मी कागदावर करते तेव्हा उत्तर बरोबर येतं. पण हात इतकी वर्षं ते घड्याळाकडे न बघता करत आला आहे. रोलर थोडा फिरवला, थेंबांचा ठेका कानाला ओळखीचा वाटला, की झालं. परीक्षा माझ्या त्या हाताला काहीच विचारत नाही. विचारणार तरी कसं, पर्याय 'ड' मध्ये ठेका कसा छापतील?

आमच्या परिसेविका मॅडम जीएनएमच्या पुढे शिकलेल्या नाहीत. राउंड घेताना त्या बाळाच्या पोटाला हाताची मागची बाजू लावतात, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गरम, तर पुढच्या बाळाकडे. पोट गरम आणि पाय गार, तर बाळ ऊब टिकवायला झगडतंय. तिथं थांबतात, टोपी घाला म्हणतात, मोजे घाला म्हणतात, वॉर्मरचा प्रोब निघालाय का बघा म्हणतात. दोन्ही गार, तर त्या काहीच म्हणत नाहीत, स्वतःच कामाला लागतात. नंतर थर्मामीटर लावून आम्ही लिहितो; साडेछत्तीस ते साडेसदतीसच्या मध्ये असायला हवं ते छत्तीसच्या खाली निघतं. थर्मामीटर मॅडमना दुजोरा द्यायला असतो, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. हीच हाताची मागची बाजू, हेच पोट आणि हेच पाय मला पुढे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत जसेच्या तसे भेटले, तक्त्यासकट. मॅडमनी ती पुस्तिका कधी वाचली का, हे मी विचारलेलं नाही.

मला टोचतं ते इथंच. डॉक्टर एम.डी., मग डी.एम. झाला की तो रुग्णाच्या आणखी जवळ जातो. आधी ताप बघायचा तो आता फक्त हृदय बघतो, पण बघतो रुग्णालाच. नर्सचं उलटं आहे. आमच्याकडे एम.एस्सी. झालेली नर्स सहसा कॉलेजात जाते. पाठ्यनिर्देशिका होते, मग प्राध्यापक, नशीब असेल तर प्राचार्य. किंवा कार्यालयात जाते, जिथून वॉर्ड आकड्यांत दिसतो. म्हणजे शुश्रूषेतली सगळ्यांत मोठी पदवी मिळाली की शुश्रूषा सुटते. हे कुणी मुद्दाम केलेलं नसेल. पण ज्या हातानं थेंबांचा ठेका ओळखायचा तो हात खडू धरायला नेऊन बसवणं, आणि त्याला बढती म्हणणं, यात काहीतरी फार विचित्र आहे. मी प्रवेशाची वाट बघते तेव्हा नक्की कशाची वाट बघते, अधिक शिकण्याची की इथून निघून जाण्याची, हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. नाइट संपवून घरी जाताना पाय दुखत असतात तेव्हा उत्तर सोपं असतं. सकाळी एखादं बाळ अठराशेच्या वर गेलं आणि त्याची आई वहीतला आकडा स्वतःच्या बोटानं शोधायला लागली की उत्तर बदलतं.

शिकवण्याबद्दल मला कमीपणा वाटतो असं नाही. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत कसा दुमडायचा हे मला ज्यांनी शिकवलं त्या ट्यूटर मॅडम आमच्या पलंगावर नाणं टाकून बघायच्या, उसळतं का. नाही उसळलं तर सगळं उस्कटून पुन्हा. तेव्हा आम्ही त्यांना मनात काय काय म्हणायचो. आज सुरकुती पडलेल्या चादरीवर दिवसचे दिवस पडून राहिलेल्या म्हाताऱ्या पाठी पाहिल्या, की त्या चादरीतल्या सुरकुतीनं कातडीला काय होतं ते कळतं. त्या बाई कधीच्याच वॉर्ड सोडून वर्गात गेल्या होत्या, पण त्यांचा हात आमच्या कितीतरी जणींच्या हातांतून अजून चादरी ओढतो. असंही आहे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी दिवे हातात घेऊन आम्ही शपथ घेतो. तो दिवा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. क्रिमियाच्या युद्धात ती सैनिकांजवळ होती ती 1854 ते 1856, जेमतेम दोन वर्षं. त्यानंतर ती 1910 पर्यंत जगली, आणि या साऱ्या काळात जवळजवळ कुणाच्या पलंगाशेजारी उभी राहिली नाही. तीच आजारी होऊन पलंगावर पडून होती. पडल्या पडल्या लिहीत होती. आकडे जमवत होती, मृत्यूंची कारणं रंगीत आकृत्यांत मांडत होती. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं 1858 मध्ये तिला सभासद करून घेतलं, ती त्यांची पहिली स्त्री सभासद. 1860 मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची परिचर्या शाळा निघाली. हिंदुस्थानातल्या फौजेच्या छावण्यांतलं पाणी, गटारं, मृत्यू यांवर तिनं पानंच्या पानं लिहिली, आणि हिंदुस्थान तिनं कधी पाहिलाही नाही. शपथेच्या वेळी आमच्या हातात दिवा देतात. खरं म्हणजे तिच्या आयुष्याच्या मापानं पाहिलं तर दौत-टाक द्यायला हवा.

आणि मग मला सावित्रीबाई आठवतात. त्यांचा रस्ता बरोबर उलटा गेला. आयुष्यभर फळ्यापाशी, मुलींच्या शाळांत; आणि 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सहासष्ट वर्षांच्या वयात रुग्णांपाशी. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याचा दवाखाना गावाबाहेर. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथवर आल्या असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. आमच्या शपथविधीत त्यांचा फोटो असतो, हार असतो, पण शिक्षिका म्हणून. त्या शेवटी आमच्यातल्या एक होऊन गेल्या, हे आम्ही कधी म्हणत नाही. एकीनं रुग्ण सोडून लेखणी धरली, दुसरीनं लेखणी ठेवून रुग्ण उचलला. मला यातून काही निष्कर्ष काढायचा नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसलं की या दोघी मनात येतात, एवढंच.

आता म्हणे हे बदलतंय. 2016 च्या सुमारास इंडियन नर्सिंग कौन्सिलनं अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. दोन वर्षं, बहुतेक वेळ रुग्णापाशी राहूनच शिकायचं. वाचून बरं वाटलं. पण शिकून आल्यावर आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी त्या नावाची खुर्ची, किंवा खरं तर त्या नावाचा पलंगाशेजारचा स्टूल कुठे आहे, ते विचारलं की मोठे बाबू पुन्हा चष्म्यावरून बघतील.

परीक्षा नागपूरला होती, हिंगणा रोडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात. जूनचं ऊन, पाऊस नुसता बातम्यांत. गेटबाहेर केरळच्या मुली गटानं उभ्या, राजस्थानचे ब्रदर लोक झाडाखाली पुस्तकं घेऊन. ब्रदर लोकांची संख्या आता बघण्यासारखी झाली आहे. आमच्या वेळी वर्गात एखादा असायचा आणि त्याला जड पेशंट उचलायला बोलवायचे. गेटपाशी एक उमेदवार आपलं तान्हं बाळ आईच्या हातात देत होती. मी सवयीनं बाळाकडे बघितलं. दोनेक महिन्यांचं, रंग चांगला, अंग भरलेलं. ती पुन्हा पुन्हा मागे वळून घड्याळ बघत होती. नव्वद मिनिटांचा पेपर, वर तपासणी, अंगठे, फोटो. दोन तासांनी दूध द्यायचं असेल तर जेमतेम बसतं गणित. मी तिला म्हटलं, "आत्ता पोटभर पाजून जा, रांग हलायला वेळ आहे." ती आडोसा शोधून बसली. पेपर कसा गेला ते आता तपशिलात आठवत नाही. शंभर प्रश्न होते, चुकलं की एक तृतीयांश गुण जात होता, आणि एसीच्या गारठ्यात बोटं बधिर झाली होती, इतकं आठवतं. बाहेर आले तेव्हा ते बाळ रडत होतं. मोठमोठ्यानं, म्हणजे ठीक होतं.

निकाल पीडीएफमध्ये येतो. नाव नसतं, फक्त क्रमांकांची रांग. माझा क्रमांक यादीत होता. पण यादीत असणं आणि आत असणं यांच्यामध्ये मोठं अंतर असतं, आणि मी नेमकी त्या अंतरात आहे. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही. दुसऱ्या फेरीत मिळू शकते, म्हणजे माझ्या पुढच्या काही जणांनी जागा सोडल्या तर.

यात मी एक नवीनच उद्योग शिकले. अनोळखी माणसांचं भलं चिंतायचं. माझ्या पुढे असलेली कुणी कोट्टायमची मुलगी वेल्लोरला जावो, तिथं तिला घरच्यासारखं जेवण मिळो. कुणी जोधपूरचा ब्रदर चंडीगढला रुजू होवो. कुणाला कॅनडाचा व्हिसा मिळो, कुणाचं लंडनचं पत्र येवो. सगळ्यांचं छान होवो, फक्त दुसरीकडे. इतक्या लोकांसाठी इतक्या मनापासून मी देवापाशी कधी काही मागितलं नव्हतं.

पण हे मागताना एक गोष्ट आडवी येते. जागा रिकामी होण्याची वाट बघणं आमच्या विभागात रोजचंच आहे. वॉर्मर भरलेले असतात आणि तालुक्याहून फोन येतो, बाराशे ग्रॅमचं बाळ ॲम्ब्युलन्समध्ये निघालंय, जागा आहे का? एका सिस्टरकडे तीन-चार बाळं असावीत असं नियम सांगतो. नियमाला ॲम्ब्युलन्सचा आवाज ऐकू येत नाही. मग मी वॉर्मरच्या रांगेवरून नजर फिरवते. कोण जाऊ शकेल. कोण आईच्या दुधावर आलंय, बोंडल्यानं पितंय, वजन धरतंय. बहुतेक वेळा जागा अशीच रिकामी होते, टोपी-मोजे घातलेलं बाळ आईच्या कुशीत निघून जातं आणि जाताना आजी सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवते. प्रत्येक वेळी अशीच होते असं नाही. दोन्ही वेळा आम्ही वॉर्मर सारखाच पुसतो, त्याच द्रावणानं, तितकाच वेळ, आणि फोनवर सांगतो, आहे, या.

तेव्हा यादीतल्या लोकांसाठी मागताना मी शब्द नीट निवडते.

घरी आता सगळे माझ्याकडे जपून बघतात. हे रोज भाजी आणतात आणि काही विचारत नाहीत. सासूबाईंनी कारंज्याला गुरुमंदिरात बोललेलं आहे, काय ते सांगत नाहीत. मुलगी मात्र सरळ विचारते, "आई, दुसऱ्या फेरीत पण नंबर नाही लागला तर तू काय करशील?" मी म्हटलं, "ड्युटीवर जाईन." ती म्हणाली, "आणि लागला तर?" मी म्हटलं, "तोपर्यंत ड्युटीवर जाईन." तिला ते फसवणुकीचं उत्तर वाटलं. तिच्या प्रश्नसंचांत असं चालत नाही.

पसंतीक्रम भरायची खिडकी पुन्हा उघडली तेव्हा मी बालरोग पहिला ठेवला होता. मग अतिदक्षता वर घेतलं. मग पुन्हा बालरोग. हे संगणकापाशी बसून बाण दाबत होते, वर-खाली, वर-खाली, आणि म्हणाले, "एकदा काय ते ठरव." मला सांगता आलं असतं की बालरोग घेतलं तर पुढे शिकवायचं, अतिदक्षता घेतलं तर कदाचित राहायचं, पण ते 'कदाचित' त्या पडद्यावर कुठे भरायचं ते मलाच सापडत नव्हतं. शेवटी बालरोग वर राहिलं. वेळ संपत आली होती, हे एक कारण.

काल परिसेविका मॅडम पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट काढत होत्या. पट्टीनं रेघा मारून झाल्या होत्या, नावं डावीकडे उतरली होती. माझ्या ओळीपाशी त्या थांबल्या. पेन खाली ठेवला, ड्रॉवर धुंडाळून पेन्सिल काढली, तिला टोक नव्हतं, ब्लेडनं काढलं. मग विचारलं, "नाइट कधी टाकू तुला?"

मी म्हटलं, "पहिल्या आठवड्यात टाका. यादी त्याच आठवड्यात आहे, घरी राहून काय करू?"

"रात्री लागते का यादी?"

"कधीही लागते."

"मग मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीनं सोमवारपासून 'एन' लिहीत गेल्या, "आणि सकाळी आधी वजनं."